बगळेबुवांचा लाल मफलर

१

“थांबवा ते!”

अण्णा असे काही ओरडले की यंत्रावर बसलेल्या भिंगकाकांचा हात दचकून बटणावर पडला आणि पडद्यावरचे बगळेबुवा जागच्या जागी गोठले. एका पायावर उभे, चोच वर, पांढरेशुभ्र. गळ्यात मफलर. आणि तो मफलर भडक नारिंगी!

“हा कुणाचा बगळा?” अण्णा खुर्चीतून अर्धे उठले. “गळ्यात संत्र्याची सालं गुंडाळून आलाय! माझ्या बगळेबुवांचा मफलर लाल आहे. लाल!”

पाहण्याची खोली लहानशी. एक पडदा, दोन रांगा खुर्च्या. त्या खुर्च्यांत घरची आणि स्टुडिओतली मोजकी माणसं होती.

बगळेबुवा म्हणजे अण्णांचं सगळं आयुष्य. बेडकांना उडायला शिकवायचा ध्यास घेतलेला हा भाबडा बगळा अण्णांनी ऐन तारुण्यात रेखाटला, आणि त्यात रंग भरले त्यांच्या पत्नीनं. मफलरचा लाल तर तिनं स्वतः घोटून घोटून बनवला होता. कुठल्याही बाटलीत तो मिळायचा नाही. पुढे मूळ फिल्म कोठीतल्या दमटपणानं कुजून गेली. पत्नीही गेली. उरल्या त्या डीव्हीडीच्या काही तबकड्या, फार वर्षांपूर्वी अण्णांच्या भाच्यानं काढून घेतलेल्या. आता त्यांच्याही कडा तांबूस पडायला लागल्या होत्या, म्हणून त्यांची पक्की प्रत करून जतनघरात ठेवायचं ठरलं. जतनघराच्या बाई त्यासाठीच आल्या होत्या. तिथला नियम कडक, एकदा आत गेलेल्या प्रतीला पुन्हा हात लावायचा नाही.

“काका, जरा पुढे चालवा,” बाई हळूच म्हणाल्या.

बगळेबुवांनी पंख उघडले मात्र, दुसरंच संकट उभं राहिलं. पंखांच्या कडांना कंगव्यासारखे दाते फुटले. झेप घेतली की दाते, वळले की दाते; स्थिर उभे राहिले की पुन्हा गुळगुळीत.

अण्णांची मान सावकाश वळली ती सुनेकडे. स्टुडिओतलं रंगाचं टेबल आता तीच सांभाळत होती.

“सूनबाई, गेल्या महिन्यात तूच म्हणालीस ना, नव्या पडद्यांवर हा लाल जड वाटतो म्हणून?”

“म्हणाले होते, अण्णा. पण नुसतं म्हणाले.”

“आणि मग हळूच हलका केलास.”

सूनबाईचा चेहरा उतरला. ती उठली. “अण्णा, सासूबाईंच्या रंगाला मी हात लावला असं तुम्हाला खरंच वाटत असेल, तर उद्यापासून त्या टेबलावर मी बसणार नाही.”

“नको बसूस! आणि बाई, तुम्हीही रिकाम्या हातांनी परत जा. हिच्या सासूचा रंग बदललेली प्रत जतन होण्यापेक्षा बगळेबुवा माझ्याबरोबरच संपू देत.”

तेव्हा मागच्या रांगेतून एक शांत आवाज आला.

“बाई, तुमची गाडी किती वाजता निघते?”

“पाचला.”

“मग पाचपर्यंत कुणी कुठे जायचं नाही, आणि कुणी काही सोडायचंही नाही.” कात्रीमावशी पदर सावरत उठल्या. “कारण अण्णा, तुमचा चोर मला अजून दिसला नाही, पण त्यानं काय चोरलं नाही, ते मात्र दिसलंय.”

२

कात्रीमावशी म्हणजे अण्णांच्या जुन्या सहकारी. उभी हयात फिल्मच्या पट्ट्या कापण्याजोडण्यात गेली, म्हणून हे नाव. देवावर भाव आणि माणसांवर माया, दोन्ही सारखेच. सापडलेल्या माणसाला त्या सहसा उघडं पाडायच्या नाहीत. त्याची चूक आधी स्वतःच्या पदराखाली घ्यायच्या आणि मग हळूच बाहेर काढायच्या.

रंगाच्या खोलीत सूनबाई टेबल आवरायला लागलीही होती.

“ठेव ते ब्रश खाली. मला एक सांग. मफलर सोडून आणखी काय बदललंय?”

“मला काय विचारता मावशी? मी तर गुन्हेगार.”

“गुन्हेगारालाच जास्त ठाऊक असतं. बोल.”

सूनबाईला रडता रडता हसू फुटलं. मग तिनं डोळे मिटून पडदा आठवला. “तळ्याकाठचं गवत. ते काळपट पडलंय. लाल नारिंगीकडे गेला आणि हिरवा काळोखात.”

“आणि बगळा?”

“बगळा पांढराच आहे.”

“त्याचे पाय?”

“काळे. काठावरचे दगडही होते तसे राखाडी.” बोलता बोलता ती थबकली. “मावशी, हे विचित्र आहे. रंग उडाले असते तर पांढऱ्यावरही झाक आली असती. दिव्याचा दोष असता तरी आली असती. आणि मी नुसता मफलर बदलला असता, तर गवत कशाला काळवंडलं असतं?”

“तेच मी मघाशी म्हटलं. चोरानं पांढरा, काळा, राखाडी यांना बोटही लावलं नाही. ज्यात रंग आहे तेवढंच हललं.” मावशींनी तिच्या पाठीवर थाप मारली. “असा नेमका चोर ब्रश घेऊन येत नाही, पोरी. हा हिशेबातून शिरलाय.”

दार वाजलं. दारात भाचा, कपाळावर घाम.

“मावशी, शोधाशोध पुरे झाली. तिनं कॉम्प्युटरवर तो मफलर उघडला होता. भिंगकाकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.”

मावशींनी सूनबाईकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली.

“हो,” ती म्हणाली. “उघडला होता.”

३

“कशासाठी?”

“पोस्टरसाठी. बाहेरच्या जिन्यात लावलंय ना, ते. पोस्टरवरचा लाल तंतोतंत सासूबाईंचा यावा म्हणून डीव्हीडीतला मफलर उघडून त्याचा रंग मोजला. बदलला नाही.”

मावशी तडक जिन्यात गेल्या, मागे भाचा. पोस्टरवर बगळेबुवा ऐटीत उभे होते आणि मफलर असा गडद, गहिरा लाल, की पाहणाऱ्याच्या घशाला ऊब यावी.

“बघितलंस?” मावशी म्हणाल्या. “तिनं मोजला तेव्हा तबकडीत लाल होता. म्हणजे तबकडी निर्दोष आणि सूनबाईसुद्धा.”

भाच्यानं सुटकेचा श्वास सोडला, एवढा मोठा की मावशींनी त्याच्याकडे वळून पाहिलं.

“तुला रे कसला घोर होता?”

“मला नसेल तर कुणाला? त्या तबकड्या मी काढून घेतल्या. गेली कित्येक वर्षं काही बिघडलं की मामा माझ्याच नावानं खडे फोडतात. स्वस्तातल्या तबकड्या, स्वस्तातला भाचा! त्या दात्यांचं खापरही माझ्याच डोक्यावर फुटणार, म्हणून मी...”

“म्हणून सुनेकडे बोट दाखवलंस.”

भाचा ओशाळला. “चुकलंच. पण मावशी, देवाशपथ सांगतो, घरी माझ्या जुन्या खोकेवाल्या टीव्हीवर हीच तबकडी लावतो तेव्हा पंख लोण्यासारखे हलतात. एक दाता दिसत नाही.”

“जुन्या टीव्हीवर नाही दिसणार,” मावशी जिन्याच्या कठड्याला टेकल्या. “तुला ठाऊक आहे का, त्या काळचं टीव्हीचं चित्र दोन हप्त्यांत यायचं. आधी एकाआड एक ओळी, मग मधल्या उरलेल्या. दोन कंगवे एकमेकांत अडकवावेत तसं. फिल्म सेकंदाला चोवीस चित्रं पळवते, तुझ्या तबकड्या निघाल्या त्या अमेरिकी पद्धतीला लागतात तीस. मग कमी पडलेली चित्रं आणायची कुठून? शेजारच्या दोन चित्रांच्या ओळी एकमेकींत घालून जादा चित्र उभं करायचं. म्हणून एक-एक फ्रेम पुढे सरकवली की तीन स्वच्छ, दोन दातेरी, पुन्हा तीन स्वच्छ, दोन दातेरी. हे फिल्मवरून आलेल्या तबकडीचं वळणच आहे. खोटं नाही त्यात काही.”

“म्हणजे दाते माझ्यामुळे नाहीत?”

“तबकडीत दाते असायचेच. ते उसवायचे असतात, शिवण उसवतो तसे, म्हणजे मूळ चोवीस चित्रं जशीच्या तशी हाती लागतात. प्रश्न एवढाच, की इथे ते उसवले का गेले नाहीत?”

खालच्या मजल्यावरून यंत्राची घरघर ऐकू येत होती. मावशींनी त्या दिशेला पाहिलं आणि ओठांतल्या ओठांत देवाचं नाव घेतलं. भिंगकाकांशी बोलायचं म्हणजे धीर हवा.

४

भिंगकाकांच्या गळ्यात कायम भिंग लटकलेलं असे आणि नाकावर कायम राग.

“मी उसवले नाहीत?” ते उसळले. “मावशी, तुम्ही फिल्म कापत होता तेव्हापासून मी प्रती काढतोय. दाते काढणारा प्रोग्रॅम प्रत्येक भागावरून फिरवलाय! ‘दाते सापडले नाहीत’ म्हणाला, मी काय करू?”

“तुमच्यावर माझा विश्वास आहे, काका. म्हणून तर भिंग मागायला आले. द्या बरं.”

काकांना हे अपेक्षित नव्हतं. त्यांनी भिंग काढून दिलं. मावशींनी बिघडलेली प्रत थांबवून उघड्या पंखावर भिंग धरलं. एक फ्रेम, दुसरी, तिसरी.

“तबकडीवरचे दाते कसे असतात, काका?”

“केसाएवढे. एकेका ओळीचे.”

“आणि हे?”

काका वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. सरळ झाले तेव्हा नाकावरचा राग कुठल्या कुठे गेला होता.

“जाड आहेत,” ते पुटपुटले. “जाड आणि पसरट.”

“तुमचा प्रोग्रॅम शोधतो केसाएवढे. समोर आले हे मुळ्याएवढे. त्यानं ओळखलेच नाहीत आणि सोडून दिले. आता सांगा, केसाचा मुळा केव्हा होतो?”

काका खुर्चीत बसले. “चित्र ताणलं की. पण मावशी, ताणण्याचं काम शेवटचं! आधी उसवायचं, मग मोठं करायचं, हे मी झोपेतही सांगेन.”

“मग जागेपणी उलटं का झालं?”

 काकांनी खिडकीबाहेर पाहिलं, मग पडद्याकडे, मग हातांकडे.

“आणि काका, तुमच्या या टेबलावर मफलर कसा दिसत होता?”

“लाल! शपथेवर लाल. इथे लाल, वर पाहण्याच्या खोलीत नारिंगी. मला वाटलं वरच्या यंत्राला भूत लागलंय.”

मावशींचे डोळे चमकले. “भूत नाही. अंदाज. काका, दोन गोष्टी करा. हीच प्रत, हाच भाग, पण चित्र तबकडीएवढंच लहान ठेवून मला एक तुकडा द्या. बाकी काही बदलू नका. आणि सगळ्यांना वर बोलवा.”

“कशाला?”

“चोर धरायला. तो वर येऊन बसेल, तुम्ही काळजी करू नका. तो कधीच खुर्ची चुकवत नाही.”

५

खोलीत सगळे जमले. अण्णा पुढच्या रांगेत मधोमध, शेजारी जतनघराच्या बाई, भिंगकाका यंत्रापाशी, भाचा भिंतीला टेकून. सूनबाई दारातच उभी राहिली.

“आत ये,” मावशी म्हणाल्या. “साक्षीदारानं दारात उभं राहायचं नसतं. काका, आधी मघाची मोठी प्रत.”

नारिंगी मफलर, काळपट गवत. अण्णांनी तोंड फिरवलं.

“आता तीच प्रत, लहान.”

पडद्याच्या मधोमध छोटेसे बगळेबुवा उगवले. आणि त्यांच्या गळ्यात होता लाल मफलर! तोच, घोटलेला, गहिरा लाल. गवतही हिरवंगार.

“अरेच्चा!” भाचा भिंतीपासून सुटला. बाई खुर्चीच्या टोकावर आल्या. अण्णांचा हात आपोआप पडद्याकडे गेला.

“कुणी रंग भरला नाही, कुणी उडवला नाही,” मावशी म्हणाल्या. “झालंय असं. चित्रातला उजेड आणि रंग वेगवेगळे आकडे करून साठवतात. ते पुन्हा एकत्र करायचे दोन हिशेब आहेत. एक जुन्या टीव्हीच्या काळचा, एक नव्या मोठ्या चित्रांचा. प्रतीवर चिठ्ठी लावावी लागते, की बाबा, माझा हिशेब जुना आहे. चिठ्ठी नसेल तर यंत्र आकारावरून अंदाज करतं. लहान चित्र दिसलं तर जुना, मोठं दिसलं तर नवा. काकांच्या टेबलावरच्या प्रोग्रॅमला ठाऊक होतं, हे डीव्हीडीतून आलंय. इथल्या यंत्रासमोर आलं ते बिनचिठ्ठीचं मोठं चित्र. त्यानं नवा हिशेब लावला. पांढऱ्या-काळ्यात रंग नसतो, ते वाचले. लाल नारिंगीकडे सरकला, हिरवा काळवंडला.”

“आणि दाते?” बाईंनी विचारलं.

“तीही त्याचीच करणी. उसवायच्या आधी चित्र ताणलं, दाते जाड झाले, प्रोग्रॅमला दिसले नाहीत. आपण सगळे दोन चोर शोधत होतो. चोर एकच. चित्र वेळेआधी मोठं केलं, हा त्याचा गुन्हा.”

सगळ्यांच्या नजरा भिंगकाकांवर खिळल्या. काका उभे राहिले, तोंड उघडलं, पण मावशींनी हात वर केला.

“काकांनी बटण दाबलं. दाबायला लावलं दुसऱ्यानंच.” त्या पुढच्या रांगेसमोर येऊन थांबल्या. “अण्णा, तुम्ही.”

“मी?” अण्णा उडालेच. “मला तो कॉम्प्युटर चालूसुद्धा करता येत नाही!”

“तुम्हाला ‘बरं’ म्हणता येतं.”

मावशींनी पदर खोचला.

“या घराची रीत काय, अण्णा? तुम्ही पाहून ‘बरं’ म्हटल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. आणि एकदा ‘बरं’ म्हटलंत, की मग मागे फिरायची कुणाची छाती नाही. नजर अधू झाली तुमची. लहान चित्र दाखवलं की तुम्ही करवादता. मग काकांनी काय केलं? तुमच्यासाठी आधी चित्र मोठं केलं, आपल्या टेबलावर पहिल्याच फ्रेमवर थांबवून दाखवलं. चित्रकार तुम्ही, तुम्हाला थांबलेलंच चित्र तपासायची सवय. स्थिर उभ्या बगळ्याला दाते नसतात! तुम्ही म्हणालात ‘बरं’. झालं, शिक्का बसला. आता लहान चित्राकडे परत जायचं तर अण्णांनी पसंत केलेलं मोडायचं. म्हणून पुढचं सगळं काम त्या मोठ्या चित्रावरच झालं. खरं ना, काका?”

भिंगकाकांनी मान डोलावली. “खरं. मला एकदा वाटलंही, की क्रम उलटतोय. पण म्हटलं, अण्णांना पुन्हा कोण विचारणार?”

“ऐकलंत? तुमच्यावरच्या मायेनं आणि तुमच्या धाकानं मिळून हा मफलर नारिंगी केला. आणि शिक्षा कुणाला, तर जिनं तो लाल मोजून जपला तिला!”

अण्णा बसून राहिले. लहानशा चित्रातला लाल त्यांच्या चष्म्याच्या काचांत चमकत होता. मग ते खुर्चीला धरून उठले आणि सूनबाईसमोर जाऊन उभे राहिले. 

“तुझी सासू असती,” ते म्हणाले, “तर आज चारचौघांत माझा कान पिळला असता.”

“पिळलाच असता,” सूनबाई म्हणाली.

“मग तू पीळ.”

“अण्णा!” ती हसली आणि तिचे डोळे भरून आले. “आधी बगळेबुवांना सोडवू. कान कुठे पळून जातोय?”

६

घड्याळाकडे पाहून भाच्यानं डोकं धरलं. “पण मावशी, बिघडलेली प्रत कशी सुधारणार? ताणलेले दाते परत केसाएवढे होतात का?”

“नाही होत. ती प्रत गेली.”

“मग संपलंच की!”

“संपलं?” भिंगकाकांचा जुना आवाज परत आला. “अहो भाचेबुवा, तीस वर्षं काय माशा मारल्या मी? कुठल्याही कामाच्या आधी तबकडीतला कण न् कण जसाच्या तसा उतरवून ठेवतो. न उसवता, न ताणता. एकूण एक भाग कपाटात आहे!”

“काका!” जतनघराच्या बाई चक्क टाळी वाजवून उठल्या. “आम्हाला हवं असतं ते हेच. तीच द्या, आणि शेजारी एक नीट उसवलेली प्रत.”

मग जी धावपळ उडाली! काकांनी कोरे उतरवून ठेवलेले भाग एकेक करून घेतले. मावशी शेजारी बसल्या; प्रोग्रॅमनं दोन दातेरी फ्रेममधून ओळी सोडवल्या, ज्याच्या त्याला दिल्या आणि चोवीस चित्रं सुटी, स्वच्छ होऊन रांगेत उभी राहिली. मोठं करण्याचं बटण कुणी शिवलंही नाही. सूनबाईनं आपल्या हातानं प्रतीवर रंगाच्या जुन्या हिशेबाची चिठ्ठी जोडली. भाचा कपाटातून खोके उतरवून देत होता आणि प्रत्येक खोक्यामागे बजावत होता, “तबकड्या चांगल्या निघाल्या बरं का! लक्षात ठेवा!” आणि अण्णा? अण्णा सगळ्यांसाठी चहा घेऊन आले. साखर विसरले, पण कुणी बोललं नाही.

गाडीचा भोंगा वाजला तेव्हा सगळे पुन्हा पडद्यासमोर होते. काकांनी नवी प्रत लावली आणि सवयीनं पहिल्याच चित्रावर थांबवली. एका पायावरचे बगळेबुवा. मफलर लाल, गवत हिरवं, पंख मिटलेले.

“सुरेख!” बाई म्हणाल्या. “अण्णा, मग मंजूर ना?”

अण्णांनी तोंड उघडलं, मिटलं आणि दोन्ही हात वर केले. “मी आता नुसता बघणारा. माझं ‘बरं’ फार महागात पडतं. रंगाच्या टेबलावर जी बसते तिला विचारा. आज, उद्या आणि माझ्यानंतरही.”

सगळे वळले. सूनबाईनं पडद्याजवळ जाऊन तो लाल डोळे भरून पाहिला. बाईंचा हात प्रतीच्या डबीवर गेला होता, पण सूनबाईनं नकारार्थी मान हलवली.

“काका, थांबलेलं नको. उडू दे त्यांना.”

बगळेबुवांनी पंख उघडले. कड अशी स्वच्छ, की जणू आत्ताच कुणी रेघ ओढली असावी. ते झेपावले, तळ्यावरून भिरभिरत वळले, मफलर वाऱ्यावर लालेलाल फडफडला आणि काठावरचे सगळे बेडूक माना उंचावून बघत राहिले. अण्णा पोरासारखे टाळ्या पिटत होते. भिंगकाका भिंग विसरून उघड्या डोळ्यांनी पाहत होते. भोंगा पुन्हा वाजला, पण सूनबाई हलली नाही. बगळेबुवा पार पलीकडच्या काठावर अलगद उतरले, तेव्हा कुठे ती वळली.

“आता घेऊन जा, बाई.”